रानम्हशींची डबकी

एका जंगलात, डोंगर आणि नदी यांच्या मधल्या मुलखात, रानम्हशींचा एक कळप राहत असे. कधीपासून राहत असे, हे तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या कासवालाही सांगता आलं नसतं. वर डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी लांबरुंद माळ, माळाच्या खाली दाट झाडी आणि झाडीच्या पुढे नदी. कळपाचं सारं जग एवढंच. या कळपाची कारभारीण होती एक म्हातारी म्हैस. एक कान फाटलेला, एक शिंग खाली वळलेलं आणि जीभ कुसळासारखी. तरणेताठे रेडेसुद्धा तिच्यासमोर मान खाली घालून उभे राहत. सगळे तिला आजी म्हणत.

मुलांनो, या कळपाची एक रीत होती. पारडू जन्माला आलं की त्याच्या आईनं डोंगराच्या पायथ्याशी एक नवं डबकं करायचं. म्हणजे झऱ्याकाठच्या ओलसर जागी लोळायचं, शिंगांनी माती उकरायची, पुन्हा लोळायचं, असं करत पाणी धरून ठेवील इतका खड्डा पाडायचा. ते त्या पारडाचं डबकं. पारडू मोठं होवो, म्हातारं होवो, मरून जावो, डबकं बुजू द्यायचं नाही. पाऊस सरला की साऱ्या कळपानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक डबक्यात उतरायचं, जिवंतांच्या आणि मेलेल्यांच्याही. झऱ्याचं पाणी एकातून दुसऱ्यात जाईल अशी वाट खुरांनी मोकळी करायची. गवतही आधी तिथलंच खायचं, मग ते कितीही चरबट लागो. नदीकाठचं लुसलुशीत गवत सर्वांत शेवटी. आणि संकट आलं तर ज्यानं त्यानं आपापल्या डबक्यात जाऊन उभं राहायचं, हीसुद्धा रीतच.

असा पायथ्याशी झऱ्यापासून पार दुसऱ्या टोकाच्या कातळापर्यंत चिखलाचा एक ओला पट्टा झाला होता. दिसायला तो देखणा नव्हता, वासाचं तर बोलायलाच नको. दर उन्हाळ्यात डोंगरावर वणवा लागे आणि खाली येता येता पायथ्याशी विझून जाई. वणवा डोंगरावर लागतो आणि डोंगरावरच विझतो, असा साऱ्या जंगलाचा समज होऊन बसला होता. का विझतो, हे कुणी विचारलं नाही. आयतं मिळतं त्याची चौकशी कोण करतो, सांगा बरं?

एका वर्षी जंगलात नवा वाघ राजा झाला. नव्या राजाला काहीतरी नवं करून दाखवायची घाई असतेच. त्याच सुमाराला दूरच्या मुलखातून एक सारस उडत आला. सारस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. त्याचं जंगलावर खरंच प्रेम होतं. फक्त ते प्रेम उंचावरून होतं.

सारस वाघाला म्हणाला, "महाराज, मी पुष्कळ माळ पाहिले. पण असा माळ कुठे पाहिला नाही. आणि अशी त्याची नासाडीही कुठे पाहिली नाही. वरून बघितलं तर पायथ्याला नुसता चिखल! म्हशी लोळतात, गवत तुडवतात, पाणी गढूळ करतात. त्यांना नदीपार करा आणि माळ राखीव ठेवा. बघा, गवत पुरुषभर वाढेल. हरणं वाढतील."

"हरणं वाढतील," हे ऐकताच वाघाचे कान टवकारले. उंच गवतात लपून बसायला किती सोयीचं होईल, हेही त्याच्या मनात आलं असणार. पण राजे असलं मोठ्यानं बोलत नाहीत. त्यानं म्हातारीला बोलावून घेतलं आणि हुकूम सुनावला, "माळ आजपासून राखीव. तुमचा कळप उद्या नदीपलीकडे गेला पाहिजे."

आजीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "महाराज, आम्ही गेलो तर डबकी कोण राखणार?"

"राखायचीच नाहीत ती! त्यासाठीच तर तुम्हाला पाठवतोय."

"असं करू नका, महाराज. आमची आजी सांगायची, डबकं सुकलं की डोंगर खाली उतरतो."

वाघ इतका हसला की झाडावरची माकडं दचकली. "डोंगर उतरतो? पाय फुटतात की काय त्याला?"

खरं सांगायचं तर आजीलाही त्या म्हणण्याचा अर्थ पुरता ठाऊक नव्हता. वणवा पायथ्याच्या खाली आलेला तिनं कधी पाहिलाच नव्हता, तिच्या आईनंही नव्हता. कारण पट्टा कधी तुटलाच नव्हता. ती एवढंच म्हणाली, "महाराज, कशाला हे मला नीट सांगता येत नाही. पण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या उगाच चिखलात लोळत नाही."

"झालं बोलून?" वाघ उठला. "आणि हेही ऐकून ठेव. नदी ओलांडून जी म्हैस अलीकडे पाय टाकील, तिच्या कळपातलं सगळ्यात धाकटं पारडू माझं."

दुसऱ्या दिवशी कळप नदीत उतरला. कळपात आजीचा थोरला भाऊ होता, एक थकलेला रेडा. त्याला कानानं कमी ऐकू येई. नदीच्या मध्यात थांबून तो मागे बघत राहिला. "आपल्या आईचं डबकं यंदा कोण उपसणार गं?" त्यानं विचारलं. आजीनं त्याला नुसतं खांद्यानं पुढे ढकललं.

नदीपलीकडची जमीन खडकाळ होती. काटेरी झुडपं, खुरटं गवत आणि झुडपाझुडपांतून तरसांचे डोळे. तिथेच आजीच्या धाकट्या लेकीला पारडी झाली. पारडी गोंडस होती, पण जन्मली त्या दिवशी कळपात आनंद झाला नाही. तिच्या नावाचं डबकं करायला ओली जागाच नव्हती. लेक रात्रंदिवस पारडीच्या चारी बाजूंनी फिरत राही, कारण जरा नजर हलली की तरसं पुढे सरकत.

इकडे माळावर सारसानं सांगितलं तसंच झालं. गवत वाढलं, पुरुषभर वाढलं, वाऱ्यावर डोलू लागलं. हरणांना आनंद झाला. वाघाला त्याहून जास्त झाला, आणि त्याला का झाला हे हरणांना कळायला थोडे दिवस लागले. डबकी आटली, भेगाळली, मग त्यांच्यातही गवत माजलं. झऱ्याच्या पाण्याची वाट बुजली आणि ते जिथल्या तिथे जिरू लागलं. हिवाळा गेला. हिरवं गवत पिवळं पडलं, मग पांढरं. पायाखाली ते पापडासारखं मोडू लागलं.

आणि एका भर दुपारी डोंगरावर वणवा पेटला.

जंगलातल्या कुणीही मान वर केली नाही. वणवा डोंगरावर लागतो आणि डोंगरावरच विझतो! हरणं सावलीत रवंथ करत राहिली. वाघ झाडीच्या कडेला आडवा पडला होता, तसाच पडून राहिला. सारस तेवढा सवयीनं उंच उडाला होता आणि त्याला दिसलं की जाळ पायथ्याशी आला, थांबला नाही आणि माळात शिरला.

नदीपलीकडे आजीला आधी वास आला. मग धूर दिसला, आणि तो डोंगराच्या माथ्यावर नव्हता. बराच खाली होता. आपल्या आजीनं सांगितलेल्या गोष्टीचा अर्थ तिला त्या क्षणी लख्ख कळला, आणि कळून काही उपयोग नव्हता असंही वाटलं.

तेवढ्यात सारस धापा टाकत तिच्यासमोर उतरला. "आजी, चला! माळ पेटलाय. वारा खाली झाडीकडे आहे. काय करायचं ते कुणालाच कळत नाही."

"आणि मला कळतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला, पाहुणे?" आजी फटकन म्हणाली.

सारसानं मान खाली घातली. "माझं चुकलं. ते नंतर काय ते बोला. पण आता चला."

आजीची लेक पारडीला पोटाशी धरून उभी होती. "आई, नदी ओलांडायची नाही," ती म्हणाली. "वाघ काय म्हणाला ते विसरलीस? सगळ्यात धाकटं पारडू. ते माझं आहे, आई. जळू दे ते रान. आपल्याला हाकललंच ना त्यांनी?"

लेकीचं एक अक्षरही खोटं नव्हतं. ज्यांनी हाकललं त्यांच्यासाठी आपलं पोर का पणाला लावायचं? तिला राग आला होता, फार दिवसांपासून आला होता, आणि आता त्याला तोंड फुटण्याची वेळ होती. पण तिनं माळाकडे पाहिलं. धुराखाली तिच्या आईचं डबकं होतं. झाडीत ज्या पायवाटा होत्या, त्या तिच्याच कळपाच्या खुरांनी पडलेल्या होत्या.

"ते रान त्यांचं नाही, बाई," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी नाही जात मी. आपलं घर जळतंय." मग जरा थांबून म्हणाली, "तू हवं तर इथे थांब. मी काही बोलणार नाही."

लेकीनं झुडपांकडे पाहिलं. तरसं उठून उभी राहिली होती. कळप गेला की तरसं काय करणार, हे सांगायची गरज नव्हती. तिनं पारडीला मध्ये घेतलं आणि पाण्यात पाय टाकला. तिच्यामागे सारा कळप नदीत उतरला.

अलीकडच्या काठावर वाघ उभा होता. शेपटी जमिनीवर आपटत तो गुरगुरला, "काय सांगितलं होतं मी?"

पारडी आईच्या पोटाखाली शिरली. आजी पाणी निथळत थेट वाघासमोर जाऊन उभी राहिली. "तुमचा हुकूम लक्षात आहे, महाराज. पारडीला खायचं असेल तर आधी मला मारा. पण जरा लवकर उरका, मागे बघा."

वाघानं मागे पाहिलं. झाडीच्या शेंड्यांवर राख उडत होती. हरणांचा लोंढा जिवाच्या आकांतानं नदीकडे येत होता. त्याला बाजूला सारून कळप पुढे धावला.

इथे आजीची चूक झाली. मुलांनो, ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. संकट आलं की आपापल्या डबक्यात उभं राहायचं, हे तिच्या रक्तात इतकं भिनलेलं होतं की ती विचार न करता ओरडली, "डबक्यांकडे चला!" आणि सारा कळप झाडीतून बाहेर पडून, उंच गवतातून, सरळ पायथ्याच्या दिशेनं निघाला. आगीच्या तोंडाशीच! गवत डोळ्यांवर येत होतं, पुढचं काही दिसत नव्हतं. डबकी कोरडी पडली आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी पाय तिकडेच वळले.

"आजी, मागे फिरा!" वरून सारस ओरडला. "डबकी गेली! जाळ डबक्यांच्याही अलीकडे आलाय! मागे फिरा!"

आजीचे पाय थबकले. ज्या पाहुण्यामुळे घर गेलं, त्याचं ऐकायचं? का साऱ्या पूर्वजांनी सांगितलेलं? तिला काही दिसत नव्हतं आणि त्याला दिसत होतं, एवढंच खरं होतं. समोरून गवत पेटण्याचा तडतडाट येत होता. तिनं दात आवळले आणि हंबरडा फोडला, "फिरा! सगळे मागे फिरा! झाडीच्या कडेला ओहळ आहे, तिथे चला!"

कळप वळला. पण तिचा म्हातारा भाऊ सगळ्यांच्या पुढे गेला होता आणि त्याला कानानं कमी ऐकू येई. "दादा!" आजीनं हाक मारली. "दादा, मागे ये!" गवतातून त्याची पाठ एकदा दिसली, मग धूर आला. त्याला हाका मारत तिथेच उभं राहावं असं तिला फार वाटलं. पण मागे सारा कळप होता, आणि ती वळली.

झाडीच्या कडेला एक बारीक ओहळ वाहत होता. आजीनं एका नजरेत जागा हेरली. "पाण्यात बसा, निथळत वर या आणि इथे, या कडेनं लोळा. गवत आडवं पाडा. शिंगांनी माती वर काढा. पुन्हा पाण्यात जा. डबकी इथेच करायची, आत्ता!" म्हशी पाण्यात पडल्या, उठल्या, लोळल्या. रेड्यांनी शिंगं खुपसून जमीन फाडली. लेक पारडीला ओहळात उभी करून स्वतः लोळायला धावली. कळपामागून परत फिरलेली हरणं घोटाळत होती, त्यांच्यावर आजी खेकसली, "बघता काय? गवत तुडवा! खुरं कशाला दिलीत देवानं?" रानडुकरांना तर सांगावंच लागलं नाही. उकरणं आणि चिखल, दोन्ही त्यांच्या आवडीचं.

"डावीकडे!" वरून सारस ओरडे. "जाळ डावीकडे वळतोय!" की सगळे डावीकडे धावत. धुरानं त्याचा घसा बसला, पिसं काळवंडली, तरी तो खाली उतरला नाही.

वाघही मागून आला होता, पण तो एकटाच नुसता उभा होता. काय करावं हे त्याला कळत नव्हतं, आणि कळत नाही असं म्हणायची सवय नव्हती.

"महाराज, लोळा," आजी म्हणाली.

"मी? चिखलात?"

"नाहीतर पळा. नदी मागेच आहे. पण परत याल तेव्हा राज्य करायला रान नसेल."

वाघानं एकवार इकडेतिकडे पाहिलं. मग तो ओहळात उतरला आणि लोळू लागला. आधी जरा लाजत, आणि जाळाची झळ मिशांना लागली तशी मनापासून. त्या वेळी कुणालाही हसू आलं नाही.

जाळ आला. उंच, आवाज करत, सगळं गवत गिळत आला. कातडी भाजत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, श्वास घेता येत नव्हता. चिखलाच्या कडेशी येऊन तो घुटमळला. एका जागी त्यानं पट्ट्यावरून उडी घेतली आणि एक झुडूप पेटलं. आजीची लेक चिखलानं माखलेल्या अंगानिशी त्या झुडपावर जाऊन पडली आणि ते विझेपर्यंत उठली नाही. इतर ठिकाणी जाळ खाली बसू लागला. खायला काही उरलं नाही, तसा तो धुमसत राहिला आणि मग विझला.

झाडी वाचली. माळ मात्र काळाठिक्कर पडला होता. राख जराशी निवल्यावर आजी एकटी पायथ्याकडे गेली. तिचा भाऊ सापडला. जाळातून धावत तो आपल्या नव्हे, त्यांच्या आईच्या डबक्यात पोचला होता आणि तिथेच डोंगराकडे तोंड करून पडला होता. आजी त्याच्याजवळ बसली आणि मोठ्यानं रडली. "मीच पाठवलं रे तुला," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. कुणी तिची समजूत घालायला गेलं नाही. सारस लांब उभा राहून रडत होता.

संध्याकाळी वाघानं सगळ्यांना जमवलं. अंगावरचा चिखल वाळून त्याचे पट्टेही दिसत नव्हते. तरी आवाज होता राजाचाच. "रानम्हशींनी मोठी कामगिरी केली आहे," तो म्हणाला. "मी त्यांच्यावर प्रसन्न आहे. उद्यापासून त्यांना माळावर राहायची परवानगी देतो."

सगळ्यांना वाटलं, आता आजी वाकून नमस्कार करील. आजी जागची हलली नाही.

"परवानगी नको, महाराज," ती म्हणाली. "परवानगी आज मिळते, उद्या जाते. दुसरा कुणी पाहुणा येईल, दुसरं काही सांगेल आणि आम्ही पुन्हा नदीपार. माझा भाऊ गेला. यापुढे माळ कसा राखायचा, ते आमचा कळप ठरवील. डबकी कुठे करायची, गवत कधी खायचं, कुठलं सोडायचं, सगळं आम्ही ठरवू. पाहुण्यांनी वरून बघून सांगावं, त्यांचे डोळे आम्हाला हवेत. हरणांनी तुडवावं, डुकरांनी उकरावं. तुम्हीही या. पण सांगणारे म्हणून नको, विचारणारे म्हणून या. हे जमत नसेल, तर आत्ताच सांगा. आम्ही नदीपार जातो."

वाघाच्या घशात गुरगुर आली. त्यानं हरणांकडे पाहिलं, डुकरांकडे पाहिलं. ती सगळी नकळत म्हशींच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती. सारससुद्धा. वाघ काही न बोलता झाडीत निघून गेला.

आजीनं त्या जाण्याचा अर्थ होकार असा धरला नाही. राजांच्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवण्याइतकी ती भोळी नव्हती. कळप माळावरच राहिला, पण झोपताना रोज कुणीतरी जागं असे आणि पारडी नेहमी मध्ये.

पाऊस आला, गेला. जळक्या माळावर पुन्हा कोवळं गवत उगवलं. एका सकाळी कळप ओहळावर पाणी पीत असताना गवत हललं आणि वाघ बाहेर आला. लेकीनं पारडीला झटकन मागे ओढलं. रेड्यांनी शिंगं खाली केली. वाघ मात्र जवळ आला नाही. लांबच बसला.

"आजी," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होता, त्यामुळे जरा अडखळला. "यंदा कुठून सुरुवात करायची?"

आजीनं पाण्यातून तोंड वर काढलं.

"बसा," ती म्हणाली. "आधी पारडांना पाणी पिऊ द्या. मग सांगते."

आणि जंगलाचा राजा बसून राहिला.

तात्पर्य : ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रान जपलं, त्यांना हाकलून रान जपता येत नाही. राखणीचा कारभार त्यांच्याच हाती असावा आणि इतरांनी हुकूम घेऊन नव्हे, मदत घेऊन यावं.